सूतभर इकडे, सूतभर तिकडे : ‘द सिम्स ४’मध्ये वस्तू नेमक्या जागी बसवताना

फळी बसवणारा सुतार मदतनिसाला म्हणतो, “सूतभर आत घे.” सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. डोळ्याला तेवढाही फरक दिसतो, आणि चांगल्या कामाची ओळख तिथेच पटते. ‘द सिम्स ४’ या व्हिडिओ गेममध्ये घर सजवताना हीच अडचण येते. गेमला सूत कळत नाही, त्याला चौकोन कळतात. तुम्ही बरणी फडताळाच्या कडेला ठेवायला जाता आणि ती टुणकन मधोमध जाऊन बसते. हे चौकोन कधी पाळायचे, कधी मोडायचे आणि मोडायचे तर कोणत्या साधनाने, ते या लेखात सांगते.

हा गेम सप्टेंबर २०१४मध्ये आला आणि १८ ऑक्टोबर २०२२पासून मूळ गेम फुकट आहे. खाली सांगितलेल्या कशासाठीही पैसे देऊन जोडपॅक घ्यावा लागत नाही. बटणं विंडोजची दिली आहेत. मॅकवर कंट्रोलच्या जागी कमांड आणि ऑल्टच्या जागी ऑप्शन धरा.

आधी ठरवा : वस्तू वापरायची की बघायची?

बटणांच्या आधी हे सांगते, कारण हे ठरलं नाही तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. घरातल्या वस्तूंचे दोन ढीग करा. एका ढिगात सिम (गेममधली माणसं) ज्यांना हात लावणार त्या : खुर्ची, पलंग, शेगडी, सिंक, फ्रिज, दार. दुसऱ्यात नुसत्या दिसणाऱ्या : बरण्या, पुस्तकं, कुंड्या, तसबिरी, उशा. पहिला ढीग ग्रिडवरच, म्हणजे गेमच्या चौकोनांच्या जाळीवरच, ठेवायचा. मोकळीक घ्यायची ती दुसऱ्या ढिगात.

असं का? गेमच्या हिशेबी प्रत्येक वस्तूखाली जमिनीवर तिचा ठसा असतो आणि सिमने कुठे उभं राहायचं ती जागाही ठरलेली असते. जेवणाची खुर्ची टेबलाच्या ठरलेल्या जागी बसली तरच ती त्या टेबलाची खुर्ची होते. दिसायला टेबलाजवळ असली, पण बोटभर तिरकी असली, तर गेमच्या लेखी ती खोलीत पडलेली एक सुटी खुर्ची. माझ्या एका घरात मी सहाही खुर्च्या थोड्या थोड्या तिरक्या लावल्या होत्या. आत्ताच कुणीतरी उठून गेल्यासारखं दिसावं म्हणून. चित्र सुंदर दिसत होतं, पण घरातलं एकही माणूस त्या टेबलाशी बसेना. सगळे ताटं घेऊन उभ्याने जेवत राहिले. आता मी चार खुर्च्या ग्रिडवर ठेवते आणि तिरकी ठेवायची ती पाचवी, कोपऱ्यातली, जिच्यावर कुणी बसायचंच नाही.

कामाला बसण्यापूर्वी

भिंती, दारं, खिडक्या आणि फरशी पूर्ण झाल्याशिवाय बारीक सजावटीला हात लावू नका. नंतर भिंत एक चौकोन सरकवायची म्हटली की मोकळ्या ठेवलेल्या वस्तू एकेक करून पुन्हा लावाव्या लागतात. खेळ वेगळ्या नावाने जतन करून मग सुरुवात करा.

बिल्ड मोडमध्ये, म्हणजे घर बांधण्या-सजवण्याच्या भागात, ‘जी’ दाबलं की ग्रिड दिसतं किंवा लपतं. ‘टी’ने दृश्य थेट वरून होतं. होम आणि एंड या बटणांनी भिंती उंच-ठेंगण्या दिसतात, पेज अप आणि पेज डाउनने मजले बदलतात. ‘ई’ म्हणजे ड्रॉपर. दिसेल त्या वस्तूवर टिचकी मारली की तशीच दुसरी हातात येते. शिफ्ट धरून ठेवली तर एकच वस्तू पुन्हा पुन्हा मांडता येते, त्यासाठी यादीत परत जावं लागत नाही.

यात ‘टी’चं महत्त्व फार लोक जाणत नाहीत. नेहमीचं तिरकं दृश्य फसवं असतं. त्यात बरणी फळीवर ठेवल्यासारखी दिसते, पण असते फळीच्या वीतभर पुढे, हवेत. गवंडी भिंत नुसती समोरून बघत नाही, ओळंबा सोडतो आणि गुण्या लावतो. इथे वरून बघणं म्हणजे गुण्या आणि कॅमेरा जमिनीलगत आणून बाजूने बघणं म्हणजे ओळंबा. प्रत्येक वस्तू या दोन्ही बाजूंनी तपासल्याशिवाय मी पुढची हातात घेत नाही.

ग्रिडच्या आत राहून

ग्रिड म्हणजे अडथळाच, असं मानू नका. सरळ रांगा, समोरासमोर ठेवलेले सोफे, दाराच्या दोन्ही अंगांना सारख्या अंतरावर कुंड्या, हे सगळं ग्रिडवरच चोख जमतं. एफ ५ दाबून सरकण्याचा टप्पा अर्ध्या चौकोनावरून पाव चौकोनावर आणता येतो. बऱ्याच घरांचं काम एवढ्यावरच भागतं. स्वल्पविराम आणि पूर्णविरामाच्या बटणांनी वस्तू ४५ अंशांच्या टप्प्यांनी फिरते. फरशी लावताना कंट्रोल आणि एफ दाबलं की चौकोनाचा त्रिकोणी पाव भाग वेगळा रंगवता येतो. उंबऱ्याशी नक्षी काढायची असेल तर याची फार मदत होते.

ऑल्ट : मोकळा हात

वस्तू हातात असताना ऑल्ट धरा. चौकोनांची ओढ संपते आणि वस्तू माउससोबत सरळ सरकते. वस्तूवर डावं बटण दाबून धरून, ऑल्टसकट माउस गोल फिरवला तर ती कोणत्याही कोनात वळते. टेबलावरचं पुस्तक पाच-सात अंश वळवून ठेवलं की खोलीत माणसं राहतात असं वाटायला लागतं.

आता हात स्थिर ठेवण्याबद्दल. ऑल्ट धरल्यावर वस्तू फार उड्या मारते अशी तक्रार नवीन लोक करतात. त्यांचा कॅमेरा लांब असतो, एवढंच कारण. लांबून बघताना माउस थोडासा हलला तरी वस्तू गेममध्ये हातभर सरकते. कॅमेरा अगदी जवळ आणला की माउसच्या तेवढ्याच हालचालीत ती केसभर सरकते. म्हणून आधी लांबून अंदाजे ठेवा, मग जवळ जाऊन पुन्हा उचला आणि नेमकी बसवा. तुमच्या माउसवर वेग कमी करायचं बटण असेल तर या कामापुरतं ते वापरा.

ऑल्टने ठेवलेल्या वस्तूंची एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. टेबलाच्या स्वतःच्या जागेत, म्हणजे स्लॉटमध्ये, बसलेली फुलदाणी टेबल उचललं की सोबत येते. शेजारी जमिनीवरून उंच करून तरंगत ठेवलेली फुलदाणी येत नाही. टेबल निघून जातं आणि ती हवेत लटकत राहते. त्यामुळे मोठं सामान जागेवर पक्कं झालं की मगच तरंगत्या वस्तूंकडे वळा.

मूव्हऑब्जेक्ट्स

कंट्रोल, शिफ्ट आणि ‘सी’ एकदम दाबलं की वर डाव्या कोपऱ्यात एक पट्टी उघडते. तिच्यात लिहायच्या खास आज्ञांना चीट म्हणतात. तिच्यात इंग्रजीत, सगळी अक्षरं लहान आणि मध्ये जागा न सोडता ‘बीबी.मूव्हऑब्जेक्ट्स’ लिहा आणि एंटर दाबा. चालू झाल्याचा निरोप दिसेल. तेच पुन्हा लिहिलं की बंद. गेम बंद करून परत उघडला की हे नव्याने लिहावं लागतं. प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्सवर खांद्याकडची चारही बटणं एकदम धरली की हीच पट्टी येते, पण चीट वापरलेल्या त्या सेव्हमध्ये ट्रॉफ्या मिळणं बंद होतं. बक्षिसांची हौस असेल तर घरं बांधायला वेगळा सेव्ह ठेवा.

याने होतं काय, तर एका वस्तूत दुसरी घुसू शकते. गादीत रुतलेली उशी, भिंतीत अर्धा शिरलेला फ्रिज, झुडपातून डोकावणारा दिवा. एरवी गेम वस्तू लाल दाखवून नकार देतो, तो नकार इथे संपतो. मात्र सिमची वाट अडली तर ती अडलेलीच राहते, हे विसरू नका.

उंची आणि आकार

मूव्हऑब्जेक्ट्स चालू असताना वस्तू हातात धरून ९ दाबलं की ती थोडी वर जाते, ० दाबलं की खाली. नुसत्या आकड्याने हलली नाही तर कंट्रोल धरून तेच दाबा. कीबोर्डच्या वरच्या ओळीतले आकडे वापरा. किती वेळा दाबलं ते मोजा आणि कागदावर लिहून ठेवा. मला ही सवय उशिरा लागली, पण सहा तसबिरी किंवा चार दिवे एकाच उंचीवर हवे असतील तर याहून सोपा उपाय नाही. ‘डावी कुंडी : वर ७’ एवढं लिहिलं की उजवी कुंडी न बघताही त्याच पातळीला येते.

खाली नेताना मजल्याकडे लक्ष द्या. तळमजल्यावर वस्तू जमिनीत पुरली तर दिसत नाही. वरच्या मजल्यावर पुरलेली वस्तू खालच्या खोलीच्या छतातून बाहेर डोकावते. आणखी एक : दोन पृष्ठभाग तंतोतंत एका पातळीत आले, समजा सतरंजीवर सतरंजी, तर तो भाग सारखा लुकलुकतो, कारण कोणतं वर दाखवायचं ते संगणकाला ठरवता येत नाही. एक सतरंजी टप्पाभर उचलली की लुकलुकणं थांबतं.

आकारासाठी शिफ्ट धरून चौकटी कंसाची बटणं दाबा. उजव्या कंसाने वस्तू मोठी होते, डाव्याने लहान. यासाठी चीटही लागत नाही. सिमची अंगकाठी मात्र बदलत नाही, म्हणून लहान केलेल्या खुर्चीत माणूस रुतून बसतो आणि मोठ्या खुर्चीत हवेत. तेव्हा आकाराचा खेळही दुसऱ्या ढिगातच करा. तिथे मात्र मजा आहे. लहान केलेलं बुटकं टेबल म्हणजे पाट, मोठी केलेली वाटी म्हणजे परात, मोठी केलेली छोटी कुंडी म्हणजे अंगणातलं झाड.

क्रम सांभाळा : आधी आकार, मग कोन, मग उंची आणि सगळ्यात शेवटी जागा. आकार नंतर बदलला तर बूड आणि कड दोन्ही हलतात आणि केलेली मोजणी फुकट जाते.

एक मांडणी उभी करू

माझ्या आजोळच्या स्वयंपाकघरात भिंतीवर मांडणी होती. तिच्यावर पितळी डबे मोठ्यापासून लहानापर्यंत, एकमेकांना टेकून. तशी रांग मला गेममध्ये हवी होती. भिंतीवरची फळी टांगली आणि त्यावर डबे ठेवायला गेले, तर फळीला मोजकेच स्लॉट आणि त्यांच्यात ठरलेलं अंतर. डबे एकमेकांना टेकेनात. ऑल्ट धरून बाजूला न्यावं, तर फळीजवळ गेलं की गेम डबा पुन्हा स्लॉटकडे ओढून नेई.

उपाय उलट्या क्रमात सापडला. खऱ्या घरात फळी आधी आणि डबे नंतर. इथे डबे आधी, फळी शेवटी.

१. भिंत रिकामी ठेवा. फळी नको, ओटाही नको. मूव्हऑब्जेक्ट्स चालू करा.

२. डब्यासारखी दिसणारी एक गोल बरणी निवडा. ड्रॉपरने तिच्या सहा प्रती काढून भिंतीपासून दूर जमिनीवर ठेवा. पहिली तशीच राहू द्या. दुसरी एक टप्पा लहान, तिसरी दोन टप्पे, असं करत जा. रंग सगळ्यांचा एकच ठेवा.

३. पहिला डबा उचला, ९ दाबत सिमच्या छातीच्या उंचीला न्या आणि आकडा लिहून ठेवा. आता ऑल्ट धरून भिंतीशी आणा. पाठ भिंतीला टेकवू नका, बोटभर फट ठेवा, नाहीतर पुढे फळीची पुढची कड फार बाहेर दिसते.

४. दुसरा डबा तितक्याच वेळा वर उचला. ‘टी’ दाबून वरून बघत त्याला पहिल्याच्या कडेशी आणा. वरून दोन गोल दिसतील, ते एकमेकांना स्पर्श करतील पण एकमेकांत शिरणार नाहीत, इतपत सरकवा. मग कॅमेरा खाली आणून बुडं एका रेषेत आहेत का ते बघा. एखादं बूड वर-खाली असेल तर त्या डब्यापुरता एक टप्पा बदला.

५. सहाही झाले की डबे हवेत तरंगताना दिसतील. आता फळी घ्या. ती भिंतीवरची वस्तू असल्याने वर-खाली सरकवता येते. ऑल्ट धरून ती डब्यांच्या बुडाशी हळूच वर आणा. सहा डबे फळीवर बसवण्याऐवजी एक फळी सहा डब्यांखाली बसवायची, एवढाच यातला कावा.

६. खाली ओटा किंवा बुटकं कपाट ठेवा. हे दिसण्यापुरतं नाही. तरंगता डबा गेमच्या हिशेबी जमिनीवरचाच असतो, त्यामुळे त्याच्याखाली मोकळी वाट सोडली तर सिम तिथे अडखळतात. ओटा असला की तिथून कुणी जातच नाही.

पहिल्यांदा मला याला संध्याकाळचे दोन तास लागले. शेवटचा लहानसा डबा टेकला तेव्हा मी कॅमेरा बराच वेळ तिथून हलवला नाही.

वाकडं करायचं असेल तर : टूल मॉड

मूळ गेममध्ये वस्तू फक्त उभ्या आसाभोवती फिरते, लट्टूसारखी. पुढे झुकत नाही, कुशीवर कलत नाही. भिंतीला टेकवलेली शिडी, एकमेकांवर कललेली पुस्तकं, आडवी पडलेली बाटली यांपैकी काही जमत नाही. त्यासाठी ट्विस्टेडमेक्सी या मॉडकाराचं ‘टूल’ हे मॉड, म्हणजे गेमला वरून जोडायची चाहत्याने बनवलेली फाइल, वापरतात. ‘टेक्स ऑब्जेक्ट्स ऑफ लॉट’ या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरं, कारण याने वस्तू प्लॉटच्या हद्दीबाहेरही नेता येते. आपल्या कामाचं त्यातलं मुख्य म्हणजे वस्तू तिन्ही आसांवर फिरवणं आणि उंची बारकाईने ठरवणं.

मॉड फक्त विंडोज आणि मॅकवर चालतात, प्लेस्टेशन-एक्सबॉक्सवर नाही. मॉडकाराच्या स्वतःच्या पानावरूनच उतरवा. फाइल डॉक्युमेंट्समधल्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्स, त्यातल्या द सिम्स ४ आणि त्यातल्या मॉड्स या फोल्डरात ठेवा. स्क्रिप्ट असलेलं मॉड मॉड्सच्या आत एका उपफोल्डरापेक्षा खोल गेलं तर गेम ते वाचत नाही. मग गेमच्या सेटिंगमध्ये मॉड आणि स्क्रिप्ट मॉड या दोन्ही खुणा करून गेम पुन्हा सुरू करा. गेमचं नवीन अपडेट आलं की या खुणा आपोआप निघतात. त्या लगेच परत लावू नका. मॉडचंही नवं रूप आलंय का ते आधी बघा.

चीटच्या पट्टीत ‘टेस्टिंगचीट्स ट्रू’ लिहा आणि शिफ्ट धरून वस्तूवर टिचकी मारा. यादीत टूलचं नाव दिसेल. एका वेळी एकाच आसावर फिरवा आणि थोडं थोडं. दोन आस एकदम बदलले की कोणत्या फिरवण्याने काय झालं तेच कळत नाही आणि परत सरळ करताना जीव मेटाकुटीला येतो. पुस्तक कलवताना आधी कोन द्या आणि मगच उंची जुळवा, कारण कललं की खालचा कोपरा फळीत घुसतो.

स्क्रिप्ट मॉड नको असेल तर ‘ओएमएसपी’ नावाने ओळखली जाणारी सामग्री शोधा. त्या म्हणजे अदृश्य फळ्या, ज्यांच्यावर जादा स्लॉट असतात. फ्रिजच्या माथ्यावर टोपली ठेवायची तर तिथे अशी फळी ठेवली की टोपली बसते. मला उंचीची मोजणी जास्त आवडते, पण घाईत हे बरं पडतं.

राहून बघा, मग पाठवा

सजावट झाली की लाइव्ह मोडमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष खेळण्याच्या भागात, जाऊन एका सिमला कामाला लावा. प्रत्येक खुर्चीवर बसवा, पलंगाच्या दोन्ही बाजूंनी झोपवा, फ्रिज उघडायला लावा, शेगडीवर काहीतरी शिजवून घ्या, प्रत्येक दारातून आत-बाहेर करा. तो हात उडवून तक्रार करू लागला की डोक्यावरच्या फुग्यात कोणत्या वस्तूपाशी अडलंय ते दिसतं. बहुतेक वेळा दोषी एखादी सुंदर, तिरकी, ऑल्टने ठेवलेली कुंडीच निघते. ती अर्धा चौकोन सरकवा आणि पुन्हा बघा.

एफ ४ने गॅलरी उघडते, तिथून घर इतरांना देता येतं. घर उतरवून घेणाऱ्याने मूव्हऑब्जेक्ट्स चालू न करता ते मांडलं, तर एकमेकांत शिरलेल्या वस्तू गेम उचलून बाजूला टाकतो आणि तुमची मांडणी अर्धी रिकामी दिसते. म्हणून वर्णनाच्या पहिल्याच ओळीत, घराच्या नावाच्याही आधी, लिहा : घर ठेवण्यापूर्वी मूव्हऑब्जेक्ट्स चालू करा. आणि स्वतःचं जुनं घर नव्या प्लॉटवर मांडताना तुम्हीही ते आधी चालू करा.